आबा सारंगाचं उभं रान

माझ्या हातून आयुष्यात फार मोठं वाईट काही घडलेलं नाही, असं मी बरीच वर्षं समजत होतो. बाजारपेठेत किराणा मालाचं दुकान असलेल्या माणसाला वाईट वागायला फुरसत कुठे मिळते? पण एक चूक मी केली, आणि तीही बडीशेपेची पुडी बांधता बांधता, चार शब्दांत केली. ते शब्द असे: "माझी काही हरकत नाही."

या चार शब्दांचं पुढे काय झालं ते सांगायचं तर आधी आमच्या आबा सारंगांबद्दल सांगावं लागेल. आणि आबांबद्दल सांगायचं तर त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटापासून सुरुवात करावी लागेल.

आबा कोणाच्याही घरी गेले की पुढे केलेला पाण्याचा तांब्या आधी घेत नसत. आधी दाराशी थांबत. बोट वाकवून दारावर टक् टक् करत, डॉक्टर छातीला नळी लावतो तसा कान लावत, डोळे मिटत आणि निदान सांगत. "बोर्निओ." मग टेबल. टक् टक्. "ह्या आफ्रिकेचा." मग टीव्हीचं कपाट. टक्. दुसऱ्यांदा वाजवायचीही गरज नसे. "ह्येका देश नाय. ह्यो नुसतो भुसो, डिंकान चिकटवलेलो." एवढं झालं की ते पाणी पीत. तोवर घरमालकाच्या तोंडचं पाणी पळालेलं असे, कारण ते कपाट त्याने सागवानी म्हणून घेतलेलं असे.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. मालवणच्या किनाऱ्यावर घराण्यात एखादा माणूस बोटीवर असतोच, आमच्यातले आबा. मालवाहू बोटीवर साधे खलाशी म्हणून चढले आणि सारंग म्हणून, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम होऊन उतरले. अठ्ठ्याण्णव साली ते कायमचे घरी आले तेव्हा त्यांच्या गळ्यात सारंगाची पितळी शिट्टी होती, बगलेत कॅनव्हासची घडीची खुर्ची होती आणि तोंडात एक प्रश्न होता. "कित्याक?" म्हणजे "का?" वाडीतली पोरं त्यांना कित्याक आबा म्हणत. आबांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

बोटीवरच्या बहुतेक वर्षांत त्यांनी लाकूड वाहिलं होतं. कुठल्या कुठल्या बंदरांत जाऊन भरायचं आणि कुठल्या कुठल्या बंदरांत जाऊन उतरवायचं. "जगातली अर्धी जंगलां माझ्या डेकवरसून गेली," असं ते सांगत. अर्धी हा आबांचा अंदाज होता आणि त्यांचे अंदाज नेहमीच ऐसपैस असत. ब्राझील एकदा त्यांनी आफ्रिकेत नेऊन ठेवला होता. हायस्कूलच्या भूगोलाच्या मास्तरांनी तो परत आणायचा प्रयत्न केला, तेव्हा आबा म्हणाले, "मास्तर, माझी बोट गेली थंय. तुमचा पुस्तक गेला काय?"

दुपारचं माझ्या दुकानातलं बाकडं आबांच्या मालकीचं होतं. तिथे बसून ते माझं गिऱ्हाईक बघत, आणि मी हतबल होऊन आबांकडे बघे.

"वसंता, लिटरभर तेल दी रे," मासळी विकून घरी निघालेली सुनंदा टोपली खाली ठेवत म्हणायची.

"सुमात्रा," बाकड्यावरून आवाज यायचा.

"काय ता?"

"ह्या तेल गो. थंय रान जाळतत आणि ह्या तेलाची झाडां लावतत. माझ्या शेवटच्या फेरेक असलो धूर होतो, भर दुपारी आमची बोट भोंगो वाजवीत गेली. हाताची बोटां दिसत नव्हती. रान जळला कित्याक? तुझे बांगडे तळूक!"

"आबानू, माका खरोखर बांगडेच तळूचे आसत. सुमात्रेक जाऊन भांडान येव काय?"

"भांडा नको. तळ आणि खा. पण म्हायत आसान खा."

सुनंदा हसत तेल घेऊन जायची. जाताना मला हळूच म्हणायची, "म्हाताऱ्याक चाय दी. घसो सुकलो आसतलो."

माझ्या दुकानातला एकही डबा आबांनी सोडला नव्हता. सोयाबीनच्या वड्या ब्राझीलच्या. काउंटरवरच्या बरणीतली चॉकलेटं आयव्हरी कोस्टच्या खात्यात. तिकडे रानाच्या सावलीत कोकोची झाडं लावतात आणि ती मोठी झाली की वरचं रान काढून टाकतात, असं ते सांगत. माझं काउंटर प्लायवुडचं, म्हणजे पुन्हा बोर्निओ. मी कधीतरी वैतागून म्हणे, "आबा, मग मी विकू काय?" ते म्हणत, "मीठ विक. मिठाक झाड लागना नाय."

पण गंमत अशी की ऐकता ऐकता मला कारणं पाठ होत गेली. प्रत्येक देशाचं रान वेगळ्या कारणाने गेलं, हा आबांचा लाडका सिद्धांत. सगळ्या जगाला एकच कारण लावणाऱ्या माणसाचा त्यांना राग येई. "लोक वाढले, लोक वाढले, म्हणतत. अरे, लोक खंय नाय वाढले? कारण बघूक जावा लागता." ब्राझीलमध्ये गाईंसाठी रान जाळतात, पण खरं कारण गाय नाही. तिथे रान साफ करून जो गवत लावतो, जमीन त्याची होऊन बसते. गाय नुसती मालकीची पाटी. आफ्रिकेत तर लाकूडवाला निवडून एकेकच झाड नेतो. "पण त्या एका झाडासाठी रस्तो करता. लाकूडवालो जाता, रस्तो रवता. रस्त्यान लोक येतत, मगे उरलेला रान तेंचा."

हे सगळं त्यांनी माझ्या भाचीच्या लग्नाच्या बोलण्यांत सांगितलं होतं. आम्ही मुलाकडे, वेंगुर्ल्याला गेलो होतो. मुलाच्या वडिलांनी दिवाणखान्याचं दार अभिमानाने दाखवलं. "अस्सल ब्रह्मी साग." मी आबांचा हात धरायला धावलो. उशीर झाला होता. टक् टक्. "नाय ओ. आफ्रिका. गाबोन. मिया स्वता बोटीन हाडलंय असला लाकूड." मुलाच्या वडिलांचा चेहरा पडला. आबांना वाटलं, त्यांना गाबोनची माहिती हवी आहे. चहा गार होईपर्यंत रस्ता, लाकूडवाला आणि उरलेलं रान हे प्रकरण चाललं. शेवटी आतून मुलाची आजी आली आणि म्हणाली, "ह्या मनशाक लाकडाचा एवढा कळता, तर हेंच्या घराण्यात पोरी बऱ्यो वाढल्यो आसतल्यो." लग्न ठरलं. आबा आजवर म्हणतात की ते गाबोनमुळे ठरलं.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, "आबा, ही जंगलं आतून कशी असतात हो?" त्यांनी गळ्यातली शिट्टी पुसली. मग म्हणाले, "म्हायत नाय. बंदराच्या भायर जावची परवानगी नसायची. मिया रान बघलंय ता आडवा. साखळदंडान बांधलेला. उभा रान मिया एकच बघलंय. आपला."

आपलं म्हणजे वाडीमागचं. मसुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वरच्या अंगाला आमच्या घराण्याचं सामाईक रान आहे. ऐन, किंजळ, जांभूळ, आंबा, मधून वाहणारा वहाळ. त्याच वहाळाचं पाणी वाडीच्या विहिरींना येतं. आमच्याकडची बरीचशी रानं अशीच, सरकारची नव्हेत, घराण्यांची. सातबाऱ्यावर नावांची रांग, त्यातली बरीच नावं मुंबईत नोकरीला. आबांचं नाव मात्र त्या रांगेत नव्हतं. समुद्रावर असताना त्यांनी आपला हिस्सा धाकट्या भावाला सोडून दिला होता. भाऊ वारला, आणि हिस्सा गेला दिनूकडे, आबांच्या पुतण्याकडे. म्हणजे रानावर कागदोपत्री आबांचा काडीचा हक्क नव्हता. ते फक्त रोज संध्याकाळी दुकानातून उठत, घडीची खुर्ची बगलेत मारत आणि वहाळाजवळ जाऊन बसत. काय करतात, विचारलं तर म्हणत, "बघतंय. उभा आसा काय नाय ता."

आता माझे चार शब्द.

दोन हजार सहा-सातचा सुमार. आमच्याकडच्या डोंगरांवर तेव्हा लाकडाचे ठेकेदार हिंडत होते. झाडं भट्टीला, बुंधे कारखान्याला आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर रबर नाहीतर अननस, असा सगळीकडे बेत. दिनू मुंबईहून आला तो एका ठेकेदाराला घेऊनच. माझ्या दुकानात गर्दी होती. दिनू काउंटरवर वाकून म्हणाला, "वसंतदादा, मागचं रान द्यायचं ठरतंय. सगळ्यांनी हो म्हटलंय. तू एकटाच राहिलायस. तुझ्यामुळे अडायला नको."

मी बडीशेप बांधत होतो. दुकानदाराला आयुष्यात कशाचीच हरकत नसते. गिऱ्हाईक म्हणालं डाळ जाड द्या, हरकत नाही. उद्या पैसे देतो म्हणालं, हरकत नाही. आणि मुंबईत बसलेले एवढे शहाणे भाऊ हो म्हणतात, तिथे मी कोण अडवणार? मी दोरा दातांनी तोडला आणि म्हटलं, "सगळ्यांचं असेल तर माझी काही हरकत नाही."

बाकड्यावर त्या वेळी आबा नव्हते. असते तर बोललो असतो का, हा प्रश्न मी स्वतःला फार वेळा विचारला आहे.

काही दिवसांनी वाडीमागे यांत्रिक करवतीचा आवाज सुरू झाला. त्या दुपारी आबा दुकानात आले, पण बसले नाहीत. काउंटरवर बोट वाजवायला उचललं आणि तसंच खाली ठेवलं.

"वसंता, तू हो म्हटलंस?"

"हरकत नाही म्हटलं."

"कित्याक?"

मी जुळवाजुळव करू लागलो. मला पैशांची नड नव्हती. रबर लावायचं नव्हतं. गुरं नव्हती. मी म्हणालो, "सगळ्यांनी हो म्हटलं होतं, आबा."

 आबा ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "ब्राझीलवाल्याक जमीन व्हयी होती. सुमात्रावाल्याक तेल व्हया होता. तेंच्याकडे कारण होता रे. वायट होता, पण होता. तुझ्याकडे काय आसा?"

एवढं बोलून ते गेले, खुर्ची घेऊन. कुठे गेले ते संध्याकाळी कळलं. करवतवाल्यांनी ज्या झाडाला खूण केली होती, त्याच्याच बुंध्याशी खुर्ची उघडून बसले होते.

भांडले नाहीत, आडवे पडले नाहीत. फक्त गोष्टी सांगू लागले. करवतवाली घाटावरची गरीब माणसं, समुद्र कधी न पाहिलेली. आबांनी त्यांना वादळं सांगितली, डेकवरचा ओंडका सुटला की माणूस कसा चिरडतो ते सांगितलं, बंदरातली भांडणं सांगितली. पोरं करवत बंद करून बसू लागली, कारण करवत चालू असली की आबांचं ऐकू येत नसे. ठेकेदार संध्याकाळी हिशेब विचारायला आला की त्याला कमी झाडं पडलेली दिसत. तो चिडून म्हणाला, "आजोबा, तुमचा ह्यात हिस्सा काय?" आबा म्हणाले, "काय नाय. मिया आपलो प्रेक्षक."

झाडं पडतच होती, पण सावकाश. आणि आबा वेळ कशासाठी काढत होते ते मला आंगणेवाडीची जत्रा तोंडावर आली तेव्हा उमगलं. भराडी देवीच्या जत्रेला आमचा मुंबईकर चुकत नाही. नोकरी जाईल, पण जत्रा जायची नाही. रानाचे सगळे हिस्सेदार एकाच वेळी गावात असण्याचा वर्षातला तो एकच काळ.

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी वाडीत शिट्टी वाजली. सारंगाची, वर चढून थरथरत खाली येणारी. डेकवर सगळ्यांना बोलावण्याची ती शिट्टी गावात कोणी कधी ऐकली नव्हती. बंब आला की काय म्हणून लोक धावले. आबा वहाळाजवळ उभे होते. सगळे भाऊबंद जमले, दिनू आला, ठेकेदारही आला. अर्धा उतार उघडा पडला होता. ऊन थेट वहाळावर येत होतं.

आबांनी भाषण केलं नाही. एकेकाकडे बोट करून एकच प्रश्न विचारला. "तू पयलो हो म्हटलंस, की मागसून?"

"मागाहून. सगळ्यांनी म्हटल्यावर," दादरचा भाऊ म्हणाला.

"मलाही तेच सांगितलं, तू एकटा राहिलायस," ठाण्याचा म्हणाला.

"मला फोन आला होता. मी शेवटचा होतो."

"शेवटचा मी होतो!"

"अरे, तू कसा? मी होतो."

जो तो शेवटचाच निघाला. पहिला कोणी सापडेना. दिनूकडे सगळे वळले तेव्हा तो ठेकेदाराकडे बघत म्हणाला, "मला वाटलं, कोणाला नकोच असेल तर बोलेल की कोणीतरी." तो खोटं बोलत नव्हता. त्यालाही तसंच वाटलं असावं. मला तर नक्की तसंच वाटलं होतं.

आबा खुर्चीत बसले. "इतके देश फिरलंय," ते म्हणाले, "पण असा कारण खंय बघूक नाय."

कोणीतरी हसलं.  ठेकेदार म्हणाला, "झालं ते झालं. आता कोणाची हरकत असेल तर बोला, नाहीतर माझी माणसं खोळंबलीत."

आबांची हरकत होती, पण त्यांना हिस्सा नव्हता. आम्हाला हिस्सा होता. आम्ही आपापल्या चपला बघत उभे होतो. आणि आबा कोणाकडेही बघत नव्हते, माझ्याकडेही नाही. ते झाडांकडे बघत होते, बोट सुटताना धक्क्याकडे बघावं तसे.

"माझी हरकत आहे," मी म्हणालो.

आवाज इतका बारीक निघाला की दिनूने "काय?" विचारलं. मग मी ओरडलो. बाजारपेठेत चोर पकडताना ओरडतात तसा. "माझी हरकत आहे! या रानाचं एकही झाड यापुढे पडणार नाही!" पाठोपाठ दादरचा म्हणाला, "माझीही." मग ठाण्याचा. मग तर हरकतींची रांगच लागली, जो तो पुढे होऊन सांगू लागला. ठेकेदाराने सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि माणसांना करवती उचलायला सांगितलं. भावाभावांच्या वादातलं रान कोण घेणार?

आज त्या उताराचा उघडा भाग पुन्हा भरतोय. कोणी काही लावलं नाही, बुंध्यांनाच फुटवे आले. वहाळ यंदा होळीपर्यंत वाहिला. जत्रेला आलेले भाऊबंद आता देवीच्या आधी रान बघून येतात आणि मुलांना सांगतात, "हे आम्ही वाचवलं." आबा ऐकतात आणि हसतात. मला मात्र छाती भरून येते. कागदावर नाव नसलेल्या माझ्या काकाने एक प्रश्न आणि एक शिट्टी एवढ्यावर राखलेलं हे रान आहे. बाजारपेठेत कोणी "तुमचे ते कित्याक आबा" म्हणालं की मी मान ताठ करून सांगतो, "होय, माझेच."

पण त्या दिवशी सगळे पांगल्यावरची गोष्ट सांगायची राहिली आहे.

मी आबांची खुर्ची घ्यायला थांबलो होतो. ते वहाळाच्या काठाने वर निघाले, मी मागून. तिथे फणसांची एक ओळ होती. लहानपणापासून बघत आलो होतो, आपोआप रुजलेले असतील असं समजून. आबा पहिल्या फणसापाशी थांबले आणि बोट वाकवलं. टक् टक्. सवयीने मी देशाचं नाव ऐकायला कान दिला.

"ह्यो माझ्या पयल्या फेरेचो," आबा म्हणाले. "मिया बोटीर गेलंय की तुझी काकी एक आठळी रुजवी. माका कधी बोलली नाय. ती गेल्यावर शेजारणीन सांगितल्यान." पुढच्या फणसाला टक् टक्. "हेच्या वेळेक आमचो पोरगो जलमलो. मिया नव्हतंय." त्याच्या पुढचा. "हेच्या वेळेक तो तापान गेलो. मिया नव्हतंय." ते एकेका झाडाला वाजवत गेले. घरातलं प्रत्येक बरंवाईट त्यांना त्या ओळीत ठाऊक होतं, आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच, मिया नव्हतंय.

ओळीच्या टोकाला एक फणस आडवा पडला होता. करवतीने कापलेला, चीक अजून ओला. आबा त्याच्यापाशी गुडघ्यावर बसले. बोट वाजवलं. आवाज वेगळाच आला, ओला आणि बोदा.

"शेवटची आठळी," ते म्हणाले. "मिया परत येयपर्यंत तुझी काकी जगाक नाय."

त्यांनी त्या बुंध्यावरून हात फिरवला. आयुष्यभर आडवी झाडं पाहिलेला तो हात. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता विचारतील, कित्याक? विचारलं नाही. म्हणून मग मीच उत्तर दिलं. दुकानात सांगायला हवं होतं ते तिथे, चिकाने माखलेल्या त्या फणसाजवळ खाली बसून सांगितलं.

"आबानू, कारण कायच नव्हता. सगळ्यांनी म्हटल्यानी, दिनून म्हटल्यान, ता सगळा खोटा. मी म्हटलंय. विचार नाय केलंय आणि म्हटलंय. ह्यो फणस माझ्या तोंडान पडलो. माझा चुकला, आबानू. माका माफ करा."